चौकटीखालच्या सहा ओळी

पत्र आलं तेव्हा ताई खळ गाळत होत्या. गव्हाच्या सत्त्वाची खळ शिजली की गरम असतानाच बारीक जाळीतून दोनदा काढावी लागते, नाहीतर गुठळ्या राहतात, आणि गुठळी राहिली की जुना कागद तिच्याभोवती रुसल्यासारखा आकसतो. त्यामुळे क्युरेटर दारात तसबीर छातीशी धरून उभ्या राहिल्या तरी ताईंनी मान वर केली नाही.

"टेबलावर ठेवा. काच वर करून. आणि माझ्या चहापासून लांब."

"ताई, कोणाचं पत्र आहे ते तरी बघा."

"कागदाचं आहे ना? मग झालं."

क्युरेटर हसल्या. पस्तिशीच्या होत्या, नव्याने आल्या होत्या, आणि ताईंचं तिरकं बोलणं त्यांना एव्हाना सवयीचं झालं होतं.

ते यंत्रांचं संग्रहालय होतं. तळमजल्यावर हत्तीएवढी इंजिनं, आणि वरच्या मजल्यावर कोपऱ्यातल्या खोलीत ताई, एक लांब टेबल, दोन मोठ्या खिडक्या आणि पाण्याने, उंदरांनी, वाळवीने, माणसांनी नासवलेले कागद. यांतलं सगळ्यात वाईट कोण, असं नवीन माणसाने विचारलं की ताई म्हणायच्या, "माणूस. वाळवीकडे चिकटपट्टी नसते." अठ्ठावीस वर्षं त्या हेच काम करत होत्या. सगळे त्यांना कागदवाल्या ताई म्हणत.

तसबिरीतलं पत्र मात्र त्यांनाही पाठ होतं. ज्यांचं दाढीवालं चित्र शाळेच्या पुस्तकात असतं, ज्यांनी एकोणिसाव्या शतकात वाफेवर कापड सुकवणारं यंत्र शोधून काढलं, त्या थोर शोधकाच्या हातचं ते एकुलतं एक खाजगी पत्र. यंत्र चालवून पाहताना त्यांच्या कारखान्यात एक तरुण कामगार गेला होता. त्याच्या आईला लिहिलेलं. शाळांच्या सहली यायच्या तेव्हा गाईड तसबिरीसमोर थांबून मोठ्याने वाचून दाखवायचा:

'बाई, तुमच्या मुलाने माझ्याकडे तीन वर्षं काम केलं. त्याच्या हाताची सफाई मी दुसऱ्या कोणात पाहिली नाही. नवं काही जुळवायचं असलं की मी आधी त्यालाच हाक मारत असे. त्याच्या जाण्याने माझा उजवा हात गेला, आणि तुमचं तर सर्वस्व. या दुःखावर मला शब्द सापडत नाहीत.'

त्याखाली चार बोटं रुंद कोरा पुठ्ठा, आणि त्याखाली वेगळ्या छोट्या झरोक्यात सही. पुठ्ठ्याभोवती सोनेरी वेलबुट्टीची लाकडी चौकट, नाकापेक्षा मोती जड. शोधकाच्याच कंपनीने, जी अजून चालू होती, त्या आईच्या नातीकडून पत्र आल्यावर ती चौकट शंभरेक वर्षांपूर्वी करून घेतली होती आणि पुढे पत्रासकट संग्रहालयाला दिली होती.

"कंपनीचं मोठं प्रदर्शन आहे दोन महिन्यांनी," क्युरेटर म्हणाल्या. "शाई खूप उतरलीय. आणि काचेच्या तळाशी काहीतरी भुगा साचलाय, बघा. वाळवी तर नाही ना?"

ताईंनी भिंग डोळ्याला लावलं. "वाळवी नाही. शाई कागद खातेय. जुन्या शाईत लोखंड असतं. जिथे हात थबकतो, शाई जास्त उतरते, तिथे कागद जळत जातो आणि शेवटी अक्षरच गळून पडतं." मग जरा थांबून त्या म्हणाल्या, "पण वरच्या ओळींत कुठे भोक दिसत नाही. मग हा भुगा आला कुठून?"

दुपारी, खिडकीतलं ऊन टेबलावरून सरकल्यावर, त्यांनी चौकट उघडली. मागचे खिळे एकेक करून काढले, फळी उचलली, पुठ्ठा सोडवायला दीड तास गेला, कारण कोणीतरी त्याला चारही बाजूंनी चिकटपट्टी मारली होती. गरम पात्याने ती पट्टी सैल करत करत त्यांनी पुठ्ठा उचलला. मधल्या कोऱ्या पट्टीखाली कागद कोरा नव्हता. तिथे सहा ओळी होत्या. त्या ओळी इतक्या जोर देऊन लिहिल्या होत्या की जागोजागी कागदाची चाळण झाली होती. भुगा तिथलाच.

ताईंनी गळलेले कण चिमट्याने उचलून काचपट्टीवर मांडले. काही मोहरीएवढे, काही त्याहून बारीक. दोन दिवस त्या कोणाशी फारसं बोलल्या नाहीत. कण फिरवून बघायचे, कडेला कड जुळते का ते पाहायचं, पाठीमागून कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ कागद लावून त्यांना जागेवर बसवायचं. पाणी जरा जास्त झालं तर शाईतलं लोखंड पसरतं, म्हणून ब्रश ओला नाही, नुसता ओलसर. तिसऱ्या दिवशी दुपारी शेवटचा मोठा कण बसला आणि ताईंनी त्या ओळी पहिल्यांदा सलग वाचल्या.

'तुम्हाला असं सांगण्यात आलं असेल की त्याने घाई केली. ते खोटं आहे. त्याने मी सांगितलं तेवढंच आणि सांगितलं तसंच केलं. झडपेची स्प्रिंग कमजोर आहे हे मला चार दिवस आधी कळलं होतं. मी यंत्र थांबवलं नाही. हे समोर येऊन सांगायला हवं होतं. तुमच्या दारापर्यंत आलोही होतो, पण कडी वाजवण्याचं धैर्य झालं नाही, म्हणून लिहितो.'

ताईंनी चिमटा खाली ठेवला. उठून खिडकीपाशी गेल्या, परत आल्या, पुन्हा वाचलं. 'घाई' या शब्दावर त्यांची नजर अडकून बसली.

सहा वर्षांपूर्वी त्यांचा मुलगा गेला होता. एकुलता एक. सहा फूट उंच, आणि घरात-दारात सगळे त्याला टिल्लू म्हणत, कारण तो सात महिन्यांचा जन्माला आला होता आणि हातात मावत नव्हता. सूत रंगवण्याच्या कारखान्यात तो टाकीवर कामाला होता. त्याच खात्यात ताईंचे यजमान फोरमन होते. त्यांना तिथे सगळे फोरमनच म्हणत. हळूहळू शेजारीपाजारीही म्हणायला लागले, आणि निवृत्त होऊन तीन वर्षं झाली तरी ते नाव सुटलं नाही. रंगाची टाकी म्हणजे लोखंडी पिंप, माणसाहून उंच. आत सूत, रंग आणि वाफ. वाफ पूर्ण सोडल्याशिवाय झाकण उघडायचं नाही, हा पहिला धडा. त्या दिवशी टिल्लूने ते उघडलं. चौकशी झाली, आणि कागदावर आलं ते असं: कामगाराने दाबाचा काटा न पाहता घाईने झाकण उघडलं.

ती घाई कशाची, हे जगात फक्त आपल्यालाच ठाऊक आहे, असं ताईंना तेव्हा वाटलं होतं. त्या दुपारी दोन वाजता त्यांनी त्याला फोन केला होता. जुन्या बाजारात एक लाकडी कपाट घेतलं होतं, टेम्पोवाला पाच वाजता येणार होता, आणि ते तीन जिने चढवायचं होतं. "टिल्लू, आज जरा लवकर ये रे. कपाट चढवायचंय, तुझ्या बाबांची कंबर मोडेल." तो म्हणाला होता, "येतो गं, तू नको उचलायला जाऊस." सव्वाचारला टाकी उघडली. पाच वाजता टेम्पोवाला खाली भोंगा वाजवत उभा होता, आणि वर दार सताड उघडं, घरात कोणी नाही.

तिसऱ्या दिवशी ताईंनी हे नवऱ्याला सांगितलं होतं. "मी त्याला लवकर ये म्हटलं. म्हणून त्याने घाई केली. मी मारलं त्याला." फोरमन भिंतीकडे बघत बसले होते. बऱ्याच वेळाने एवढंच म्हणाले, "जे व्हायचं ते झालं. आता तो विषय नको." आणि खरोखरच त्यांनी तो विषय पुन्हा काढला नाही. कधी रागाच्या भरातही नाही. ताई मनातल्या मनात म्हणत, माझ्या नवऱ्याच्या जागी दुसरा असता तर आयुष्यभर ऐकवलं असतं. त्या उपकाराखाली त्या वाकून वागत. त्यांचा चहा गार होऊ देत नसत. भाजीत मीठ जास्त झालं तर आपणच आधी बोलून टाकत. सहा वर्षं घरात कपाट आलं नाही. कपडे खोक्यांत राहिले.

आता टेबलावर दुसऱ्याच कोणा आईला दुसऱ्याच कोणी लिहिलं होतं, त्याने घाई केली नाही. ताईंना त्या बाईचा हेवा वाटला. मग स्वतःचीच लाज वाटली.

क्युरेटर आल्या, वाकून वाचलं, आणि खुर्चीवर बसून राहिल्या.

"म्हणजे हे मुद्दाम झाकलं होतं?"

"पुठ्ठ्याला दोन खिडक्या कापल्या होत्या. एकच कापणं सोपं असतं."

"ताई, वरचे साहेब काय म्हणतील माहितेय? झाकली मूठ सव्वा लाखाची. कंपनीचं प्रदर्शन, आणि आपण त्यांच्याच मूळपुरुषाचा..." त्यांनी वाक्य सोडून दिलं.

"मूठ त्यांनी स्वतः उघडली होती," ताई म्हणाल्या. "दुसऱ्यांनी मिटली. त्या बाईला हे पत्र मिळालं, तिने ते जपलं. तिच्या नातीने कंपनीला दिलं, ते काय अर्धं झाकायला?"

"मला जरा विचार करू द्या," क्युरेटर म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी ताई चष्मा घरी विसरल्या. भिंगावर भागत होतं, पण अकराच्या सुमाराला फोरमन चष्म्याची डबी खिशात घालून स्वतःच आले. निवृत्तीनंतर त्यांना असल्या खेपांचं कौतुक होतं. जिना चढून दमले होते. ताईंनी त्यांना खिडकीजवळच्या स्टुलावर बसवलं.

"एवढं काय करतेयस दोन-तीन दिवस? घरी पण गप्प असतेस."

"ते पत्र आहे ना, शाळेत आपण वाचलेलं. त्याचा झाकलेला भाग सापडलाय. ऐका."

ताईंनी चष्मा लावला आणि वाचायला सुरुवात केली. त्यांच्या मनात काही नव्हतं. नवरा आयुष्यभर यंत्रांत राहिला, त्याला गंमत वाटेल, एवढंच. 'त्याने घाई केली. ते खोटं आहे,' इथे त्यांनी चष्मा सारखा केला आणि पुढे गेल्या. स्प्रिंग कमजोर. चार दिवस आधी. यंत्र थांबवलं नाही. दारापर्यंत आलो होतो.

वाचून झाल्यावर त्यांनी वर पाहिलं. फोरमन दोन्ही हातांनी गुडघे घट्ट धरून, खाली बघत, पुढे झुकून बसले होते.

"अहो, काय होतंय? पाणी देऊ?"

"नको."

"चक्कर येतेय का? जिना भरभर चढलात..."

"काटा अडकत होता," फोरमन म्हणाले.

ताईंना कळलं नाही. "कसला काटा? इथे स्प्रिंग म्हटलंय."

"आपल्या टाकीचा. टिल्लूच्या टाकीचा. दाब असतानाही काटा शून्यावर येऊन अडकायचा. टिचकी मारली की पुढे जायचा." ते जमिनीकडे बघून बोलत होते, एका सुरात, जणू पाठ केलेलं. "गुरुवारी माझ्या लक्षात आलं. मी वर सांगितलं. ते म्हणाले, सोमवारी माणूस येईल, तोवर चालवा, माल अडकलाय. टाकी बंद करायचा अधिकार माझा होता. खात्याचा फोरमन मी. मी म्हटलं, बरं. बाकीच्या दोघांना मी टिचकी मारून बघायला सांगितलं होतं. टिल्लू त्या आठवड्यात दुसऱ्या पाळीत होता, तो शनिवारी दिवसपाळीला आला. त्याला सांगायचं राहिलं."

"राहिलं," ताई म्हणाल्या.

"राहिलं गं. सकाळपासून मनात होतं. मग एक गाडी आली, मग दुसरं काही... त्याने काटा बघितला होता. शून्यावर होता. त्याने सगळं नियमाने केलं."

खाली कुठेतरी शाळेची सहल आली होती. मुलांचा गलका जिन्यातून वर येत होता. ताईंनी हातातला ब्रश पुसला आणि आडवा ठेवला.

"आणि चौकशीत?"

"साहेब म्हणाले, काटा खराब होता असं लिहिलं तर पुढचा प्रश्न येतो की टाकी कोणी चालू ठेवली. एक तर गेला, तुम्हीही आत जाल, मग घरी बाईंचं काय? मी सही केली. काटा ठीक होता, असं लिहून."

"आणि मी?"

फोरमननी पहिल्यांदाच त्यांच्याकडे पाहिलं.

"मी तुम्हाला तिसऱ्या दिवशी सांगितलं होतं," ताई म्हणाल्या. त्यांचा आवाज इतका हळू होता की फोरमनना पुढे वाकावं लागलं. "फोनचं सांगितलं होतं. माझ्यामुळे घाई केली म्हणाले होते. तुम्ही म्हणालात, जे व्हायचं ते झालं."

"हो."

"तुम्हाला तेव्हा ठाऊक होतं."

"हो."

"त्याने घाई केली नव्हती."

"नाही. फोन झाल्यावर तो माझ्याकडे आला होता. म्हणाला, बाबा, आईने कपाट घेतलंय, साडेचारला सोडाल का? मी म्हटलं, जा. सव्वाचारला त्याचं काम संपलेलंच होतं. टाकी उघडायची आणि दुसऱ्याच्या हवाली करायची, एवढंच. त्याच्याकडे वेळच वेळ होता. शीळ घालत होता."

ताई टेबलाच्या कडेला धरून उभ्या राहिल्या. मग त्या म्हणाल्या, "सहा वर्षं मी तुम्हाला देवमाणूस समजत होते. मला एकदाही टोचून बोलला नाहीत म्हणून. तुमच्या पायाशी बसावंसं वाटायचं मला. माझं ओझं तुम्ही बघत होतात, रोज, आणि दोन शब्दांत उतरवता आलं असतं..."

"धीर झाला नाही. पहिल्या दिवशी झाला नाही, मग रोज आदल्या दिवसापेक्षा अवघड होत गेलं. अनेकदा ठरवलं. तू भाजी निवडत बसलेली असायचीस, मी स्वयंपाकघराच्या दारापर्यंत यायचो..."

"पुरे," ताई म्हणाल्या. "आता जा तुम्ही."

फोरमन उठले. दाराशी घुटमळले. ताईंनी त्यांच्याकडे पाठ केली होती. वाटीत सकाळची खळ होती, संध्याकाळपर्यंत आंबली असती. पत्राच्या कडेला एक फाट अजून जोडायची होती. त्यांनी ब्रश उचलला, पातळ कागदाची पट्टी कापली, खळ लावली, फाटीवर ठेवली, टिपकागद ठेवला, वर वजन ठेवलं. हात अजिबात चुकला नाही. वजन ठेवून झाल्यावर त्या खाली फरशीवर बसल्या, आणि कागदांच्या कपाटाला टेकून इतक्या मोठ्याने रडल्या की गॅलरीतला पहारेकरी धावत आला. त्याने खोलीत पाऊल टाकलं नाही. दार ओढून घेतलं आणि बाहेर उभं राहून शाळेच्या मुलांना दुसऱ्या जिन्याने पाठवलं.

त्या संध्याकाळी ताई घरी गेल्या नाहीत. थोरल्या बहिणीकडे गेल्या. बहीण विधवा होती, एकटी राहायची, आणि नको तिथे प्रश्न विचारायची तिची ख्याती होती. तिने दार उघडलं, धाकटीचा चेहरा बघितला आणि आयुष्यात पहिल्यांदा काही विचारलं नाही. दोघींनी एका पांघरुणात अंग टाकलं, लहानपणी टाकत तसं. आठ दिवसांनी ताईंनी आपण होऊन सगळं सांगितलं. बहीण म्हणाली, "तो माणूस पळपुटा आहे."

"हो."

"सोडून दे."

ताईंनी पांघरुणाची घडी घातली. मग म्हणाल्या, "टिल्लूबद्दल बोलायचं तर मला जगात तेवढं एकच माणूस आहे गं."

इकडे फोरमननी जे केलं ते कोणी सांगितलं म्हणून नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ते कारखाने तपासणाऱ्या सरकारी कचेरीत गेले. खिडकीवरच्या कारकुनाने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "काका, फाईल बंद झालीय. आता काय उपयोग?"

"उपयोगाचं मला सांगू नका. माझा जबाब खोटा होता. खरा लिहून घ्या."

"तुमच्यावरच उलटेल."

"उलटू दे."

कारकुनाने त्यांना दुसऱ्या खिडकीवर पाठवलं, दुसऱ्याने दुसऱ्या मजल्यावर. तिथले साहेब रजेवर. फोरमन रोज जाऊन बाकावर बसायला लागले, कामावर जावं तसे, डबा घेऊन. सतराव्या दिवशी एका अधिकारी बाईंनी त्यांना आत बोलावलं, खुर्ची दिली आणि स्वतः लिहून घेतलं. पाच पानं झाली. फाईल उघडली गेली. कारखान्याला नोटीस निघाली. ज्या साहेबांनी सोमवारपर्यंत चालवा म्हटलं होतं ते दोन वर्षांपूर्वीच वारले होते. फोरमनवर खटला भरायचा की नाही, यावर कागद फिरत राहिले. पण चौकशीच्या निष्कर्षाला एक पुरवणी जोडली गेली, शिक्क्यासह. तीत लिहिलं होतं की मृत कामगाराने नियमांचं पालन केलं होतं.

त्या पुरवणीची प्रत घेऊन फोरमन कारखान्यात गेले. रंगखात्याच्या दारावर सहा वर्षं एक पत्र्याचा फलक होता: 'घाई नको', आणि खाली त्या दिवसाची तारीख. नव्या कामगारांना त्यासमोर उभं करून टिल्लूची गोष्ट सांगत. फोरमन निवृत्त होईपर्यंत तीन वर्षं त्या फलकाखालून रोज आत गेले होते. नव्या मॅनेजरला त्यांनी कागद दाखवला. मॅनेजर तरुण होता. कागद वाचून त्याने स्वतः पान्हा मागवला. फोरमन म्हणाले, "मी काढतो." चार स्क्रू गंजले होते. टिल्लूबरोबर टाकीवर असणारे दोघं बाजूला उभे होते. त्यांतला एक म्हणाला, "फोरमन, आम्हाला माहीत होतं. तुम्ही बापच गप्प, मग आम्ही काय बोलणार?" फोरमननी मान हलवली.

ताईंना हे सगळं कारखान्यात ओळखी असलेल्या पहारेकऱ्याकडून, बहिणीच्या शेजारणीकडून, तुकड्यातुकड्यांनी कळत गेलं. पुरवणीची प्रत पोस्टाने आली. सोबत चिठ्ठी नव्हती. त्यांनी ती एकदा वाचली, मग कामावर नेली आणि अठ्ठावीस वर्षांच्या सवयीने, आम्लाचा अंश नसलेल्या कागदाच्या घडीत ठेवली. असल्या कागदाला दोनशे वर्षं काही होत नाही.

प्रदर्शनाच्या आठ दिवस आधी क्युरेटर त्यांच्या खोलीत आल्या. डोळ्यांखाली काळी वर्तुळं होती.

"वरच्यांशी भांडले, कंपनीशी भांडले. शेवटी त्यांच्यातले एक म्हातारे संचालक म्हणाले, आमच्या पूर्वजाने आयुष्यात सगळ्यात अवघड गोष्ट केली ती हीच, ती लपवायची कशाला? नवा पुठ्ठा कापा ताई. एकच खिडकी."

ताईंनी पुठ्ठा कापला. पत्र सबंध लागलं. पहिल्या दिवशी गर्दीत मागे उभं राहून त्यांनी बघितलं. बहुतेक लोक वरच्या चार ओळी वाचून पुढे इंजिनांकडे सरकत होते. एक बाई मात्र शेवटपर्यंत वाचून तिथेच थांबल्या, आणि त्यांच्या मुलीने दोनदा हात ओढला तरी हलल्या नाहीत.

दहा आठवड्यांनी ताई घरी परतल्या. दुपार होती. फोरमननी दार उघडलं. ते बरेच वाळले होते. त्यांनी पिशवी घ्यायला हात पुढे केला. ताईंनी ती दिली नाही.

"माफ केलं म्हणून आले नाहीये," त्या म्हणाल्या. "ते होईल की नाही मला माहीत नाही. बहुतेक नाही होणार. मी आतल्या खोलीत झोपेन."

"बरं."

"आणि तुमचा चहा तुम्ही करायचा."

"करतो. तुलाही करू?"

ताई स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसल्या. फोरमननी आधण ठेवलं. पातेल्यातलं पाणी तेवढं बोलत होतं.

"मी त्याच्याबद्दल तुम्हाला कधी काही विचारलं नाही," ताई म्हणाल्या. "कामावर कसा होता ते. भीती वाटायची. विचारलं की घाईचंच निघेल."

फोरमन पाठमोरेच उभे होते.

"आता सांगा. पहिल्यापासून. पहिल्या दिवशी काय झालं?"

"पहिल्या दिवशी?" फोरमननी गॅस बारीक केला. "पहिल्या दिवशी त्याने निळ्या रंगाच्या डब्यात कोपरापर्यंत हात घातला. हातमोजे न घालता. मी चारचौघांत झापलं. तर म्हणाला, फोरमनसाहेब, तुम्ही घरी माझे बाबा आहात ते सांगू का सगळ्यांना?"

ताईंच्या तोंडून हसू फुटलं, आणि पुढच्याच क्षणी त्यांनी पदराने तोंड दाबून धरलं. फोरमन थांबले.

"थांबू नका," ताई म्हणाल्या. "मग काय झालं?"